टाकी

टाकीऽऽ लावायची का, पाट्याला टाकीऽऽ
आईची हाक करमाळ्याच्या बोळांतून पुढे पुढे,
मागे मी, खांद्यावर छिन्न्यांची पिशवी.

इथे अल ऐनला
गोदामाच्या मागच्या खोलीत
एसीपायी स्वेटर घालून बसतो,
बाहेर सत्तेचाळीस.
माझी टाकी पेनाएवढी आहे,
हवेवर चालते, डासासारखी गुणगुणते.
दिवसभरात नखाएवढा दगड निघाला
तर शम्सा मॅडम म्हणतात,
आज घाई केलीस, विटकर.

दगड जबल हफीतचा. चुनखडी.
नावावर जाऊ नये,
बख्त जमीनने ही कापून आणताना
करवतीची दोन पाती घालवली.
आत एक खेकडा आहे.

आईला फोनवर सांगितलं.
"खेकडा दगडाखाली असतोय.
सीनेत हात घालून किती काढलेत म्या."
दगडाखाली नाही, आई. दगडात.
"चावतो?"
नाही. तीन कोटी वर्षं झाली.
"मग कशाला काढायचा?"
मी म्हटलं, पगार देतात.
दुसरं काही त्या वेळी सुचलं नाही.

शाळेत फळ्याच्या वर रंगवलेलं होतं:
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.
गुरुजी ते माझ्याकडे बघून वाचायचे.
इथे एकच घाव चुकीचा पडला
की संपलं.
दगड हट्टी, पाय खडूसारखा भुसभुशीत
आणि शेवईएवढा,
सुईला दोन्ही सारखेच.
कान लावावा लागतो.
दगडावर ती करकरते,
कवचाजवळ आली की आवाज पातळ होतो,
तिथे हात उचलायचा.
हे मला कोणत्याही कोर्सने शिकवलं नाही.
पाट्यावर वाकून आई म्हणायची,
"ऐक, त्योच सांगतो कुठं पुरे."

रमजानचा सतरावा रोजा.
दुपारी साडेचारला डावा तिसरा पाय
टिच्.
तिळाहून लहान तुकडा
उडाला कुठेतरी.

मी फरशीवर. टॉर्च, पांढरा कागद, मऊ ब्रश.
बख्त जमीन काही न विचारता शेजारी गुडघ्यांवर,
ओठ कोरडे, दाढीत दगडाची पूड.
टेबलाखाली. पंख्याच्या मागे. चपलांच्या तळव्यांना.
मगरिबची अजान झाली
तेव्हा त्याने खिशातून दोन खजूर काढले,
एक माझ्या तळहातावर ठेवला,
आणि ठेवताना थांबला.
"हिलना मत."
तुकडा माझ्या बाहीवर होता,
स्वेटरच्या लोकरीत अडकलेला,
अडीच तास माझ्याबरोबर शोधत फिरलेला.

खजूर मी नंतर खाल्ला. पुडीसकट.

चिकटवलेली रेघ लपवायची नसते.
मॅडमनी वही पुढे केली.
लिहिलं: डावा, तिसरा. तुटला, सापडला, जोडला.
हातून कोणाच्या, या रकान्यात माझं नाव,
देवनागरीत,
कारण हात थरथरत होता आणि तीच लिपी पटकन येते.

काल काम संपलं.
आईने विचारलं, "सुटला का त्यो?"
वरून सुटला. खालचा दगड तसाच ठेवलाय.
"का?"
सगळा काढला तर पाय कशावर टेकेल? कोसळेल.

ती बराच वेळ बोलली नाही.
शेजारी कोणाचा तरी मिक्सर चालू होता.
मग म्हणाली, बरोबर हाय.

तिच्या उजव्या डोळ्यात एक कपची आहे,
सोनारगल्लीतल्या कुणाच्या पाट्याची,
मी चौथीत होतो तेव्हाची.
बार्शीचा डॉक्टर भिंगातून बघून म्हणाला होता,
राहू दे बाई,
आता ती डोळ्याचीच झाली.